माश्या बांधणारे साडू

या जगात विश्वास ठेवण्याजोगी एकही गोष्ट नाही, यावर आमच्या साडूंचा गाढ विश्वास होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणे, म्हणून मीही भाऊजी म्हणू लागलो, तर "तुम्ही का म्हणता?" असं त्यांनी मला बारीक डोळे करून विचारलं होतं. नव्वदीच्या अखेरीला नोकरीसाठी मी पहिल्यांदा दोह्याला उतरलो तेव्हा ते मला घ्यायला विमानतळावर आले. माझ्या लग्नात त्यांनी स्वतः पंगतीत फिरून मला आग्रहाने जिलबी वाढली होती. तरीही गाडीत बसण्याआधी त्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि "नाक जुळत नाही, पण बसा" म्हणाले. दोह्याच्या मुऐदर या उपनगरात एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या भागात ते आणि ताई राहत. तिथे पाण्याचा टँकर आला की हे पाणी टाकीत पडण्याआधी वाटीत घेऊन हुंगत. कलिंगड इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी वाजवत की शेवटी विकणाऱ्यालाच स्वतःच्या मालाची शंका येई. प्लंबर "बुकरा, इन्शाल्ला", म्हणजे देवाची इच्छा असेल तर उद्या, असं म्हणाला, की हे अतिशय गंभीरपणे विचारत, "कितना परसेंट?" वाढदिवसाला मी शुभेच्छा दिल्या तर त्यांनी आभार मानले नाहीत, "तारीख कुणी सांगितली?" एवढंच विचारलं. नोकरीही देवाने त्यांना शोधून दिली होती. गॅसच्या एका प्लांटमध्ये ते कॅलिब्रेशनला होते, म्हणजे प्लांटमधला प्रत्येक गेज खोटं बोलतोय असं गृहीत धरून तो तपासत फिरायचा त्यांना रीतसर पगार मिळे.

अशा माणसाला छंद लागला तो माश्यांचा. लोक रिकामपणी माश्या मारतात, आमचे साडू माश्या बांधत. प्लांटमध्ये त्यांच्या वर एक म्हातारा स्कॉटिश साहेब होता. नोकरी संपवून मायदेशी कायमचा परतताना तो यांना एक लाकडी पेटी देऊन गेला. का दिली? सहा आठवडे ही पेटी गाडीच्या शेडमध्ये पडून होती आणि साडू तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. "वीस वर्षांत या माणसाने मला पेन्सिल दिली नाही. आता पेटी?" शेवटी एका शुक्रवारी त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं आणि माझ्यासमोर, लांब पक्कड वापरून, पेटी उघडली. आत टेबलाला लावायचा, गळ घट्ट धरून ठेवणारा एक छोटा व्हाइस, सुईएवढे बारीक गळ, रेशमी दोऱ्याच्या गुंड्या, कोंबड्याच्या मानेची तपकिरी पिसं, सशाच्या कानाचे केस आणि एका डबीत एक मेलेली माशी. साडूंनी नाक मुरडून तिला चिमट्यात धरलं, भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा पालटला. माशी मेलेली नव्हती. ती कधी जिवंतच नव्हती. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेलं ते सोंग होतं. पंख, पाय, पोटावरच्या वळ्यांसकट. साडू भिंग खाली ठेवून खुर्चीत मागे टेकले. "साडूभाऊ," ते म्हणाले, "मी फसलो." इतक्या आनंदाने आपण फसल्याचं सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पेटीत साहेबाचं हाताने लिहिलेलं एक वहीवजा टिपणही होतं. त्यातून आम्हाला कळलं की हा सगळा खटाटोप ट्राउट नावाच्या माशासाठी आहे. ट्राउट राहतो थंड, वाहत्या, नितळ पाण्यात आणि पाण्यावर उतरणारे किडे खातो. पण खाण्याआधी तो किड्याखाली येऊन थांबतो आणि निरखतो. पाय कमी वाटला, रंग उन्नीस-बीस वाटला, किडा प्रवाहापेक्षा जरा वेगाने चाललाय असं वाटलं, तर तोंड फिरवून निघून जातो. हे वाचल्यावर साडूंच्या डोळ्यांत सख्खा भाऊ सापडल्यासारखं पाणी आलं. अडचण एवढीच होती की कतारमध्ये ट्राउट नाही. ट्राउटच काय, नदीसुद्धा नाही. यावर साडूंचं म्हणणं असं की तयारी आधी करायची असते, मासा नंतर. आणि ते तयारीला लागले.

तयारी म्हणजे काय ते हळूहळू साऱ्या दोह्याला कळलं. पक्ष्यांच्या बाजारात ते कोंबड्यांच्या माना उचलून उजेडात धरत आणि कोंबडा न घेता पुढे जात. तिथले विक्रेते यांना दुरून पाहूनच पिंजऱ्यांवर गोणपाट टाकू लागले. परदेशातून मागवलेलं त्यांचं पार्सल तपासणीला अडकलं तेव्हा मी सोबत होतो. खिडकीतल्या माणसाने पाकीट उघडून विचारलं, "ये क्या है?"

"मक्खी."

"मरी हुई?"

"नकली."

त्या माणसाने आमच्याकडे, मग पाकिटाकडे, मग खिडकीवर घोंगावणाऱ्या दोन खऱ्या माश्यांकडे पाहिलं. "भाईसाब," तो म्हणाला, "असली कम पड़ती है इधर?" पार्सल मिळालं, पण येताना साडू गाडीत गप्प होते. मला वाटलं, अपमान झाला. तर म्हणाले, "त्याने एक पाकीट हातात जरा जास्त वेळ धरलं. त्यालाही बांधता येत असणार."

नवं कुणी या विद्येच्या मागावर आहे, या भीतीने त्यांनी मागच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायला सुरुवात केली, आणि इथून घरात दुसराच संशय शिरला. ताई म्हणजे अतिशय शांत बाई. नवऱ्याने आमटीला जिऱ्याची फोडणी आहे की मोहरीची याची उलटतपासणी घेतली तरी हसून उत्तर देणारी. पण एके दिवशी तिने माझ्या बायकोला फोन केला आणि बायकोने तो कानाला लावूनच माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. प्रकरण असं होतं, की बंद खोलीतून नेलपॉलिशचा वास येतो. ताई नेलपॉलिश लावत नाही. बनियनवर एक जांभळं पीस सापडलं. खिशात सोनेरी जर निघाली. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचं मोरपीस दर आठवड्याला विरळ होतंय. आधी उंदरांवर संशय घेतला, मग घरमालकिणीच्या मांजरावर, आणि आता उंदीर-मांजर दोघंही निर्दोष वाटू लागलेत. आणि दर शुक्रवारी सकाळी हे गाडी घेऊन चार तास गायब असतात. विचारलं तर म्हणतात, "सरावाला."

"कसला सराव?" बायकोने मला विचारलं, जणू मीच करत होतो.

येत्या शुक्रवारी मी त्यांचा पाठलाग करायचा, असा दोघी बहिणींचा ठराव झाला. मला तो मुळीच आवडला नव्हता. पण नाही म्हणण्याची मुभा ठरावात नव्हती. मुऐदरपासून अंतर ठेवून मी त्यांच्या गाडीमागे निघालो. शहर संपलं, उत्तरेचा रस्ता लागला, दोन्ही बाजूला नुसतं करडं, सपाट माळरान. तासाभराने अल रुवैस आलं. होड्यांचा धक्का मागे टाकून साडू किनाऱ्याकडेच्या एका ओसाड पट्ट्यात वळले. मी गाडी एका पडक्या भिंतीआड उभी केली आणि डोकावलो. साडूंनी डिकीतून ताईची पितळी परात काढली, वाळूत ठेवली, तीस पावलं मोजून मागे आले, लांब लवचीक काठी जोडली आणि तिची पिवळी दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवत त्या परातीत फेकू लागले. पाणी हाकेच्या अंतरावर होतं. त्यांची त्याकडे पाठ. दोरी हवेत मोठी वेलांटी काढून उलगडे आणि टोकाची माशी परातीच्या मधोमध इतकी अलगद उतरे की आवाजही येत नसे. मी पाहतच राहिलो.

"बाहेर या, साडूभाऊ," ते मागे न वळता म्हणाले. "ऊन लागेल. मुऐदरच्या सर्कलपासून तुमची गाडी आरशात आहे."

मी ओशाळून बाहेर आलो. समुद्र एवढा जवळ असताना परातीत कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, "समुद्रातला मासा भोळा. हामूरला चप्पल दाखवलीत तरी तो तोंड उघडेल. भोळ्याला फसवण्यात काय?" मग दोरी गुंडाळत, "तिने पाठवलं?" मी मान हलवली. मला वाटलं आता भडकतील. पण ते काठीचे तुकडे वेगळे करत राहिले. मग म्हणाले, "तिला माझा संशय आला? तिला?" आणि त्यांचा चेहरा लहान झाला. जगावर संशय घेणाऱ्या या माणसाला आपला कुणाला संशय येऊ शकतो ही कल्पनाच कधी शिवली नव्हती. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी मागच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि ताईला सगळं दाखवलं. माशीच्या डोक्याशी शेवटची गाठ पक्की करायला नेलपॉलिशचा थेंब, पोटाला जर, पाठीला बाळकृष्णाचं मोरपीस. ताई रडली, हसली, परात कुठे गेली होती ते कळल्यावर रागावली, आणि दार यापुढे उघडं राहील या अटीवर प्रकरण मिटलं. संध्याकाळी ते व्हाइसपुढे बसत आणि ताई दारापाशी मेथी निवडत बसे. अशी पाच-सहा वर्षं गेली. मधे एकदा ते सुट्टीत एकटेच हिमाचलला जाऊन आले. मासा मिळाला का विचारल्यावर म्हणाले, "आला, थांबला, बघितलं, गेला," आणि हे त्यांनी एखाद्या थोर माणसाच्या भेटीविषयी सांगावं तसं सांगितलं.

मग एका रमजानमध्ये, ऑफिस दुपारीच सुटायचं त्या दिवसांत, बायकोने दिलेला डबा पोचवायला मी मुऐदरला गेलो. साडू ड्यूटीवर होते. मागच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीत, त्यांचा जाड चष्मा नाकावर लावून ताई बसली होती. व्हाइसमध्ये गळ होता. ती दोरा ओढून धरून गळाभोवती पिसाचे वेढे घालत होती, आणि मला पाहून ती दचकली तरी तिचा हात हलला नाही. शेवटची गाठ पक्की करूनच तिने चष्मा काढला.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

तिने शेजारचा डबा उघडून दाखवला. त्यात साडूंच्या, अजून तिचा हात न लागलेल्या दोन-तीन माश्या होत्या. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं मलाही दिसलं. दोरा सुटलेला, पंख एका अंगाला कललेले, डोक्यापाशी गाठींचं भेंडोळं. "वर्षभरापासून हात थरथरतोय," ताई म्हणाली. "चहाचा कप भरून घेत नाहीत, अर्धाच द्या म्हणतात. सही करताना दुसऱ्या हाताने मनगट धरतात. मला सांगितलेलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. रोज एक बांधतात, बघतही नाहीत, डब्यात टाकून झाकण लावतात. मी दुपारी ती उसवते आणि पुन्हा बांधते. संध्याकाळी पुन्हा बसताना उघडून बघतात, तेव्हा जरा बरं वाटतं त्यांना. परवा शीळ घालत होते."

"डॉक्टर?" मी म्हटलं.

"ब्लडप्रेशरचं यंत्र ते दुसऱ्या यंत्रावर तपासून घेतात. डॉक्टरवर विश्वास ठेवतील?"

"पण ताई, त्यांना कळलं तर? ते डब्यावर काहीतरी खूण ठेवतच असणार."

"ठेवतात ना. झाकणाच्या फटीत केस ठेवतात. पडला की मी दुसरा ठेवते." ती इतक्या सहज म्हणाली की मी निश्चिंत झालो, पण तो निश्चिंतपणा गाडीपर्यंतच टिकला. जन्मभर फसवणूक शोधत फिरलेला हा माणूस. अख्ख्या जगात ज्या एका व्यक्तीला त्याने आमटीच्या फोडणीपलीकडे कधी तपासलं नाही, ती रोज दुपारी त्याचं काम उसवतेय, हे कळलं तर त्याचं काय होईल, या विचाराने मला त्यांच्या घरी जेवण गोड लागेना. त्यात साडू भिंगाखाली माशी धरून म्हणत, "बघा साडूभाऊ, हात बसत चाललाय," आणि ताई स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघे. मी "वा" म्हणे. साडू विचारत, "वा म्हणजे काय?"

त्यानंतर दीड वर्षाने, एप्रिलमध्ये, त्यांनी पुन्हा हिमाचलला जायचं काढलं, आणि या वेळी ताईला आणि मला सोबत घेतलं. बायकोला कार्यालयातून सुट्टी मिळाली नाही. कुल्लूच्या बाजूच्या एका दरीत, देवदारांखाली, हिरव्या काचेसारखी नदी होती. परवाना तपासायला आलेल्या रखवालदाराचंच ओळखपत्र साडूंनी आधी तपासलं. दोन दिवस काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई वरच्या टपरीवर चहा सांगायला गेली होती आणि मी काठावर बसलो होतो. साडू गुडघाभर पाण्यात उभे. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी दोरी फेकली. ती परातीसारखी नेमकी पडली नाही, जरा अलीकडेच पडली, पण माशी अलगद उतरली आणि वाहू लागली. एका खडकाच्या सावलीतून काहीतरी वर आलं. थांबलं. माशीखाली तिच्याबरोबर हातभर वाहत गेलं. आणि पाण्याला एक छोटंसं तोंड फुटून मिटलं.

पुढचा गोंधळ मी सांगत नाही. मी बुटांसकट पाण्यात होतो एवढं आठवतं. जाळीत तो मासा आला तेव्हा वीतभर-दीड वीत लांब, सोनेरी अंगावर तांबडे ठिपके, आणि डोळ्यांत साडूंच्याच डोळ्यांतला भाव. साडूंनी तो पाण्यातच धरायला मला सांगितलं आणि वाकून त्याच्या ओठातली माशी काढली. हात इतका थरथरत होता की तीनदा सुटली. मग त्यांनी मला मासा सोडून द्यायला लावला. तो क्षणभर तिथेच राहिला आणि नाहीसा झाला. साडू ओल्या माशीकडे बघत उभे राहिले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "ही माझी नाही."

मी घाईने म्हटलं, "म्हणजे? तुमचीच तर..."

"मी वेढे पुढून मागे घालतो. हे मागून पुढे आहेत. ती स्वेटर विणताना घेते तसे." ते काठावर येऊन एका दगडावर बसले. "आणि झाकणात मी माझा केस ठेवायचो. अर्धा इंच. एके दिवशी हातभर निघाला."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

मी विचारलं, की इतके दिवस बोलला का नाहीत?

"बोललो असतो तर हात थरथरतो हेही बोलावं लागलं असतं. ती घाबरली असती." त्यांनी माशी हळूच टोपीच्या कडेला टोचली, चौथ्या प्रयत्नात जमलं. "डॉक्टरकडे जाऊन आलो. कंपवात म्हणाला. म्हणून दुसऱ्याकडे गेलो. तोही तेच म्हणाला. दोघंही सारखंच म्हणतायत म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, म्हणून तिसऱ्याकडे गेलो." ते हसले. "तिघंही खरे निघाले हो." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि दुसरं सांगू? माझ्यापेक्षा ती चांगली बांधते. मी बांधलेली त्याने कधी घेतली असती, असं वाटत नाही मला. पण हे तिला सांगायचं नाही. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. त्यांनी ती पुन्हा, शब्द बदलून, घ्यायला लावली. वरून ताई चहाचे ग्लास सांभाळत उतरत होती. "मिळाला?" तिने लांबूनच ओरडून विचारलं. साडूंनी दोन्ही हात पसरून मासा होता त्याच्या दुप्पट दाखवला, आणि ती पायवाटेवरच थांबून हसली. अर्धा भरलेला ग्लास तिने न बोलता त्यांच्या हातात दिला. खाणावळीतसुद्धा भिंतीला पाठ लावून बसणारे आमचे साडू त्या दिवशी उघड्या दगडावर, मागे काय आहे ते एकदाही वळून न बघता, तासभर बसले होते.

पुढे दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली आणि दोघं नाशिकला गेली. हात गेला, मग चालणं गेलं, मग आवाज बारीक झाला. फोनवर "कोण बोलतंय? कशावरून?" एवढं मात्र शेवटपर्यंत स्पष्ट होतं. ते गेल्यानंतर महिन्याभराने मी ताईला भेटायला गेलो. दुपारची वेळ होती. खिडकीपाशी टेबलाला व्हाइस तसाच लावलेला होता, त्यात गळ नव्हता. ताईने चहा केला, बिस्किटं काढली, दोह्यातल्या सगळ्यांची विचारपूस केली, माझ्या मुलीला आता मराठी बोलता येतं का तेही विचारलं. मग टेबलावरची धूळ हाताने पुसता पुसता म्हणाली, "एक विचारू? माश्यांचं ते... त्यांना कधी संशय आला होता का हो?"

मी चहाचा घोट घेतला. "नाही," म्हटलं. "कधीच नाही."

ताई माझ्याकडे बघत राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माझा कप अजून अर्धा होता तरी तो घेऊन आत गेली.